मराठवाड्यातल्या गावाची जमीन दीडशे वर्षांत कशी बदलली, हे शोधायचं कसं?

प्रश्न असा आहे: बालाघाटाच्या पायथ्याशी, बीड जिल्ह्यातलं दीड-दोन हजार वस्तीचं गाव. जुनी माणसं सांगतात, ओढा शिमग्यापर्यंत वाहायचा आणि विहिरीला सात परसांवर (परस म्हणजे माणसाच्या उंचीएवढी खोली) बारमाही पाणी असायचं. आता दिवाळी सरली की ओढ्यात धूळ उडते आणि बोअर सहाशे फुटांवर गेलंय. पाऊस कमी झाला की आपणच जमीन बिघडवली? आणि हा बदल कधी, कसा झाला ते गावातल्या गावात शोधता येईल का?

शोधता येतं. फक्त सुरुवात पावसापासून करू नका. दुष्काळ या मुलखाला नवा नाही. दुर्गादेवीचा म्हणून सांगितला जातो तो १३९६ पासूनचा, मग १६३०-३२ चा, १८७६-७८ चा, १९७२ चा. त्यामुळे "पूर्वी पाऊस चांगला होता" हे वाक्य ऐकलं की एक चाचणी लावा. तहसीलमधून तुमच्या मंडळाचे पावसाचे आकडे घ्या, सरासरीपेक्षा जास्त पावसाची अलीकडची चार-पाच वर्षं निवडा आणि त्या वर्षी ओढा कधी आटला ते विचारा. भरपूर पावसाच्या सालीही संक्रांतीला ओढा कोरडा पडत असेल, तर ढगांकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही. फरक जमिनीत पडलाय.

ओढ्याला हिवाळ्यात पाणी कुठून येतं, हे आधी नीट समजून घ्या, कारण इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. काळी माती ओढ्याला पाणी देत नाही. ती पाऊस पिते, फुगते, भेगा मिटतात आणि मग तिच्यातून पाणी खाली जायला फार वेळ लागतो. तिने धरलेलं पाणी पिकाच्या मुळांना मिळतं, ओढ्याला नाही. ओढा पाझरतो तो मुरमातून. वरच्या माळावर, बरडावर (हलक्या, मुरमाड रानावर) पडलेला पाऊस पातळ मातीतून मुरमात उतरतो, त्याखालच्या मांजऱ्यात, म्हणजे छिद्राळ ठिसूळ दगडात सरकतो, काळा पाषाण किंवा तांबडा थर लागला की आडवा चालायला लागतो आणि उतारावर जिथे तो थर उघडा पडतो तिथे झिरपतो. म्हणजे तुमच्या प्रश्नाचे दोन भाग झाले: शेतातली माती किती उरली, आणि मुरमातलं पाणी कोण, कधी उपसतं. पहिल्याचं उत्तर पहार आणि टेप देईल, दुसऱ्याचं जुन्या विहिरी देतील.

मातीची जाडी मोजायला माळाच्या माथ्यापासून ओढ्यापर्यंत एक सरळ रेघ धरा आणि दर पन्नास मीटरवर एक भोक घ्या. माती परीक्षणवाल्यांचा चार फुटी स्क्रू ऑगर (माती काढायचं गिरमिट) मिळाला तर उत्तम, नाहीतर पहार चालते. काम दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांत उरका. उन्हाळ्यात काळ्या रानात भेगा पडतात, पहार भेगेत जाते आणि दीड फुटाची माती तीन फूट वाटते. भर पावसात केलं तर ऑगरला चिखल चिकटून मुरूम कुठे लागला ते कळत नाही. प्रत्येक भोकाला चार गोष्टी लिहा: मातीची खोली, चुनखडीचे खडे किती खोलीवर सुरू होतात, मुरूम कधी लागला, आणि वरच्या चार बोटांच्या मातीचा रंग. चुनखडीची गोळी ही फार बोलकी खूण आहे. ती वरच्या थरात तयार होत नाही, खाली होते. पृष्ठभागावरच चुनखडी पसरलेली दिसली, तर वरची माती वाहून गेली आहे किंवा खोल नांगरटीने खालचा थर वर आला आहे. यातलं कोणतं, ते शेजारच्या धुऱ्याखाली, म्हणजे हद्दीच्या बांधाखाली खणून बघा. धुरा शंभर वर्षं नांगराखाली आलेला नसतो. धुऱ्याच्या पोटातली मूळ माती आणि शेतातली माती यांच्या पातळीत जो फरक असेल, तो त्या शेताने काय गमावलं ते थेट सांगतो. एक सावधगिरी: बांधाच्या वरच्या अंगाला माती साचलेली असते आणि खालच्या अंगाची खरवडलेली, म्हणून दोन्ही बाजूंना दहा-दहा पावलं सोडून मोजा.

आता हे आजचं माप कशाशी ताडून बघायचं? इथे बहुतेकांना ठाऊक नसलेली एक सोय आहे. निजाम सरकारने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर पैमाईश, म्हणजे जमिनीची मोजणी आणि प्रतवारी, करवून घेतली. त्या पद्धतीत शेतसारा ठरवताना जमिनीचे तुकडे पाडून खड्डे घेत आणि खोलीप्रमाणे आणे ठरवत. चांगल्या काळ्या मातीला पावणेदोन हात खोली असेल तर सोळा आणे, एक हात असेल तर दहा, अर्धा हात असेल तर सहा. हात म्हणजे दीड फूट. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात टिपण, गुणाकार बुक, प्रतिबुक असे जुने कागद असतात. त्यातल्या प्रतिबुकात ही प्रतवारी मिळते. नक्कल मागताना गट नंबर देऊन उपयोग नाही, एकत्रीकरणाआधीचा सर्व्हे नंबर द्यावा लागतो.

हे कागद वाचताना तीन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे उतार, चुनखडी, रेताड असा एखादा दोष असेल तर खोली असूनही प्रत खाली उतरवलेली असते, म्हणून नुसते आणे बघून खोली काढू नका, दोषांच्या खुणाही उतरवून घ्या. दुसरी, पावणेदोन हातांच्या पुढे खोलीची नोंदच नाही. पाच फुटांची जमीन दोन फूट धुपून तीन फुटांवर आली, तरी कागद आणि पहार दोन्ही "सोळा आणे"च म्हणतील. त्यामुळे ओढ्याकाठच्या भारी रानात हा ताळा लागत नाही. तो मधल्या उतारावर, सहा ते बारा आण्यांच्या जमिनीत नेमका लागतो. तिसरी अडचण सनाची. कागद उर्दूत आणि साल फसली. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३४० फसली म्हणजे १९३०-३१. उर्दू वाचणारा माणूस मिळतो, पण त्याला जमिनीचे शब्द माहीत नसतात आणि तलाठ्याला उर्दू येत नाही. दोघांना एकत्र बसवा.

जमिनीची खोली एक फुटाने उतरली म्हणजे नेमकं काय गेलं? भारी काळी माती फुटाला साधारण ६० मिलिमीटर पाणी पिकासाठी धरते. हेक्टरी हिशेब मांडला तर सहा लाख लिटर. रब्बी ज्वारी सगळी याच साठ्यावर जगते. तीन फुटांच्या रानात मालदांडी हस्तात पेरून नुसत्या थंडीवर निघायची, ती दोन फुटांच्या रानात पोटरीत असताना माना टाकते. मग शेतकरी पाणी द्यायला विहीर खणतो. मुरमातला उपसा वाढतो तो असा, वरची माती पातळ झाल्याने.

माती कोणी घालवली म्हणून विचारलं की सोयाबीन आणि ट्रॅक्टर ही दोन नावं लगेच पुढे येतात. ती पूर्ण खरी नाहीत. जुनी रब्बीची पद्धत आठवा. पावसाळाभर रान मोकळं ठेवायचं, तण आलं की वखर मारायचा, जमीन लोण्यासारखी मऊ करून आश्विनात पेरायची. ओलावा साठवायला पद्धत चांगली, पण मोठ्या पावसाच्या चार महिन्यांत जमिनीवर पान नाही. हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट संस्थेने १९७६ पासून काळ्या जमिनीवर हा प्रयोग वर्षानुवर्षं चालवला. पावसाळ्यात पडीक ठेवलेल्या पारंपरिक रानातून दर वर्षी हेक्टरी सुमारे साडेसहा टन माती गेली. ढाळीचे बांध, रुंद वरंबे आणि खरिपापासून पीक असलेल्या रानातून दीड टनाच्या आसपास. साडेसहा टन म्हणजे अर्धा मिलिमीटर, डोळ्याला दिसत नाही. शंभर वर्षांत दोन इंच होतात, आणि हे जेमतेम उताराच्या जमिनीवर. बालाघाटाच्या उतरणीला हिशेब आणखी वाढतो. म्हणजे "आजोबांच्या वेळी सगळं नीट होतं" असं नाही. त्यांच्या वेळी माती जाडच इतकी होती की गेलेली जाणवत नव्हती. सोयाबीनने खरिपात रान झाकलं, हा खरं तर फायदाच. तोटा दुसरीकडे झाला. सोयाबीन निघाल्यावर रान लगेच रोटाव्हेटरने पीठ करून ठेवतात, कडबा घटला, जनावरं घटली, शेणखत गेलं, आणि पेरणीची दिशा बदलली.

या दिशेपाशी थोडं थांबायला हवं, कारण उतारावरची धूप वाढण्यामागे गेल्या साठ-सत्तर वर्षांतलं हे सगळ्यांत मोठं कारण मला वाटतं आणि त्याकडे कोणी बघत नाही. समजा, वीस एकरांचा एक सर्व्हे नंबर आहे: उताराच्या दिशेने लांबी ४०० मीटर, रुंदी २०० मीटर. वर बरड, मध्ये मध्यम, खाली ओढ्याकाठी भारी काळी. माथ्यावर गाडीवाट, तळाला पाणी. एका घराकडे असताना त्यात आडवे तीन-चार धुरे होते आणि औत आडवं चालायचं. चार भावांत वाटणी झाली. आडवी वाटणी केली तर एकाच्या वाट्याला नुसतं बरड आणि दुसऱ्याला नुसती काळी जाईल, एकाला वाट नाही तर एकाला पाणी नाही. म्हणून पंच उभी वाटणी करतात. प्रत्येकाला पन्नास मीटर रुंदीची, ४०० मीटर लांबीची पट्टी, त्यात तिन्ही प्रकारची माती, वर वाट आणि खाली पाणी. माणसांच्या न्यायाने याहून चोख वाटणी होऊ शकत नाही. पुढच्या पिढीत प्रत्येकाचे तीन झाले की पट्टी सोळा-सतरा मीटरवर येते. एवढ्या रुंदीत ट्रॅक्टर आडवा वळत नाही, वळवला तर दोन्ही टोकांना तीन-तीन मीटर रान पायाखाली जातं आणि डिझेल दुप्पट लागतं. म्हणून नांगराचे तास उभे पडतात, थेट उताराच्या तोंडी. जुने आडवे धुरे तुकड्यातुकड्याने फोडले जातात, कारण सोळा-सतरा मीटरच्या पट्टीत धुरा ठेवून कोणाला परवडतं? त्यांच्या जागी उभे धुरे येतात, जे पाणी अडवत नाहीत, वाट करून देतात. पूर्वी पाणी ऐंशी-शंभर मीटर धावून धुऱ्याला थांबायचं, आता ४०० मीटर एका दमात धावतं. राज्यातली सरासरी जमीन-धारणा १९७०-७१ साली ४.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ साली १.३४ वर आली. या दोन आकड्यांच्या मधलं गावातलं चित्र म्हणजे या उभ्या पट्ट्या. तुमच्या गावाचा जुना नकाशा आणि आजचा उपग्रह नकाशा शेजारी ठेवा. चौकोनी शेतांच्या जागी फिती दिसतील.

ते बघायला साहित्य घरबसल्या मिळतं. अमेरिकेच्या कोरोना टेहळणी उपग्रहांनी १९६० ते १९७२ दरम्यान काढलेले फोटो १९९५ पासून खुले झाले आहेत आणि त्यात शेतांचे बांध ओळखू येतात. १९७२ नंतरचे लँडसॅटचे फोटो ढोबळ आहेत, त्यात तलाव आणि माळ दिसतात, बांध दिसत नाहीत. गुगल अर्थवर मागची साधारण वीस वर्षं. पिकांसाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक बघा. त्यात पीक, पडीक, विहीर यांची शेतवार नोंद असते. त्याच नंबरांची आजची पीकपाहणी शेजारी मांडली की माळावरचं गवत कधी मोडलं आणि रब्बीचा खरीप कधी झाला हे कळतं. पीकपाहणी घरात बसून भरलेली असू शकते, म्हणून एका वर्षावर भिस्त ठेवू नका.

आता पाणी. जुनी विहीर सापडली की आधी तिची धाव शोधा. धाव म्हणजे मोटेचे बैल पुढे-मागे करायची उतरती वाट. तिची लांबी विहिरीच्या पाण्याच्या खोलीएवढी असते, कारण बैल तेवढं चालले की मोट वर येते. धाव चाळीस फुटांची असेल तर पाणी चाळीस फुटांच्या आत होतं, हा पुरावा कोणाच्याही आठवणीपेक्षा पक्का. थारोळ्याच्या (मोट रिकामी होते त्या जागेच्या) दगडावर सोलाच्या, म्हणजे मोटेच्या दोराच्या, खाचा बघा. बांधकामावर पांढरा चुन्याचा पट्टा असतो, ती पावसाळ्यानंतरची पातळी. त्याखाली मुरमातले झरे कोणत्या थरातून येत होते तेही दिसतं, आणि आज ते थर कोरडे आहेत का हे लगेच कळतं.

मोट तासाला पाच-सात हजार लिटर ओढायची आणि बैल दमले की थांबायची. मध्यम खोलीवर पाच अश्वशक्तीचा पंप तासाला वीस-पंचवीस हजार ओढतो आणि दमत नाही. विहिरीवर मर्यादा होती ती बैलांची. साठ-सत्तरच्या दशकांत इंजिन आणि वीज आली, ती उठली. मुरमातलं पाणी मात्र तेवढंच राहिलं. आपल्या दगडात पोकळी फार कमी, दोन टक्के धरा. एका हेक्टराखाली एक मीटर जाडीचा ओला मुरूम दोन लाख लिटर पाणी देतो. पाटाने दिलेल्या एक एकर उसाला हंगामभर साधारण एक कोटी लिटर लागतं. भागाकार करा: एका एकरासाठी पन्नास हेक्टरांखालची पातळी एक मीटर उतरते. त्यातलं काही परत झिरपतं, ठिबकवर गरज बरीच कमी होते, तरी प्रमाण लक्षात येईल. हेच एक कोटी लिटर माणशी रोज चाळीस लिटरप्रमाणे सुमारे ६८५ माणसांना वर्षभर पुरतं. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या पहिल्या फेरीत पाच लाख लिटर होतं.

बोअरचा दोष त्याच्या खोलीपेक्षा केसिंगमध्ये आहे. केसिंग पाइप वरच्या मातीपुरता, वीस-पंचवीस फूट टाकतात. त्याखालचं भोक उघडं. मुरमातलं, मांजऱ्यातलं वरचं पाणी त्या भोकातून खालच्या थरांत पडत राहतं. बंद पडलेलं, झाकण नसलेलं बोअरही रात्रंदिवस हेच काम करतं. गावात दोनशे बोअर असतील तर वरच्या थराला दोनशे भोकं आहेत आणि शेजारची चाळीस फुटी विहीर का आटली याचं उत्तर तिथेच आहे. कान लावून बघा, चांगल्या पावसानंतर अशा बोअरमध्ये पाणी पडल्याचा आवाज येतो. वरच्या थरात पाणी अडवायचं असेल तर कोरडी बोअर मुरमाच्या खालपर्यंत चिकणमाती आणि सिमेंटने बुजवावीत. २००९ च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल विहिरीला मनाई आहे. शिवारात ती किती पाळली जाते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

बहात्तरच्या दुष्काळातली कामं तुमच्या शिवारात नक्की असतील: पाझर तलाव, नालाबंडिंग, समपातळी बांध. त्यातली कोणती टिकली ते बघितलं की जमिनीचा स्वभाव कळतो. हलक्या, मुरमाड रानातले समपातळी बांध बहुधा अजून उभे आहेत. भारी काळ्या रानातले फुटलेले दिसतील, आणि त्याला निकृष्ट काम हे एकच कारण नाही. काळी माती उन्हाळ्यात तडकते, बांधाच्या आरपार भेग जाते, पहिल्या पावसाचं पाणी भेगेतून शिरून भोक पाडतं आणि बांध तिथेच बसतो. नाही फुटला तर वरच्या बाजूला पाणी तुंबून पीक पिवळं पडतं, मग शेतकरीच रात्री कुदळ घालतो. भारी जमिनीला थोडा ढाळ दिलेला बांध लागतो, जो जादा पाणी सावकाश बाजूला काढून गवताच्या नालीत सोडतो.

पाझर तलावाचं तर नावच फसवं होऊन बसलंय. वरच्या रानातून आलेली काळी माती तळाला बसली की सहा इंचांचा थरही तळ लिंपून टाकतो आणि पाझर थांबतो. ज्या तलावात मार्चपर्यंत पाणी दिसतं आणि खालच्या विहिरी कोरड्या असतात, तो तलाव पाझरत नाही, नुसता उन्हात आटतो. गाळ काढताना काळा थर संपून मुरमाचा रंग दिसला की पोकलेन थांबवा. पुढे खोदलं तर पाषाण लागेपर्यंत साठा वाढल्यासारखा वाटतो, पण पाणी आडवं सरकायचा थरच तुम्ही काढून टाकलेला असतो. नाला खोलीकरणातही हीच चूक होते. गाळ नेताना हिशेब करून न्या. एका एकरावर तीन इंच पसरायला शंभराहून जास्त ब्रास (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) लागतो. दहा ट्रॉल्या टाकून रानाचा रंग बदलतो, जाडी नाही. आणि आधीच भारी असलेल्या रानात गाळ टाकू नका, बरडावर टाका.

गावठाणाची पांढर हाही याच हिशेबातला कागद आहे, फक्त उलट्या बाजूचा. शिवारातून माती, लाकूड, कडबा, शेण शेकडो वर्षं गावात येत राहिलं. चुलीची राख, पडलेल्या भिंती आणि गोठ्याचा केर साचून शेतापेक्षा दहा-पंधरा फूट उंच टेकाड झालं. तेर, पैठण, भोकरदनची टेकाडं अशीच वाढली, तिथे सातवाहन काळापासूनचे थर उत्खननात मिळाले आहेत. तुमच्या पांढरीत खापरं दिसली तर जागच्या जागी फोटो घ्या, खणू नका. पांढरी माती फुगत नाही, तडकत नाही, म्हणून घरं तिच्यावर आणि माळवदावरही (घराच्या सपाट मातीच्या छतावरही) तीच. दर वर्षी मृगाआधी माळवदावर नवा थर पडायचा आणि जुना निघायचा नाही. दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट माती म्हणजे पाच टनांहून जास्त ओझं, खाली मातीत रचलेल्या दगडी भिंती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि परिसरात हेच ओझं माणसांवर आलं. नंतर लातूर-धाराशिवमधली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, रुंद रस्ते आणि मोठे प्लॉट घेऊन. त्यांनी जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट जागा घेतली. काळ्या रानात घर बांधायचं तर पाया मुरमापर्यंत न्यावाच लागतो, नाहीतर दर उन्हाळ्यात भिंतीला तिरकी भेग पडते.

गोदाकाठचं चित्र वेगळं आहे, तुम्हाला लागू नाही, पण तुलना म्हणून सांगतो. पैठणचं जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं, साठा १०२ टीएमसीच्या आसपास, पण उथळ आणि पसरट. कालव्याखालच्या भारी रानात आठमाही पिकांच्या जागी ऊस आला आणि निचरा नव्हता, म्हणून काही शेतं चोपण, म्हणजे खारवट आणि घट्ट झाली. तिथे माती जाड आहे, पाणीही आहे आणि तरी पीक नाही. मातीचा सामू (पीएच) साडेआठच्या वर गेला असेल तर आधी निचऱ्याचे चर, मग जिप्सम. उलट क्रमाने केलं तर जिप्समचे पैसे पाण्यात.

माणसांना विचारताना "पूर्वी पाणी किती होतं?" असं विचारू नका, सगळे सर्वांत चांगलं वर्ष सांगतात. प्रसंगाला बांधून विचारा: रझाकाराच्या साली, बहात्तरला, भूकंपाच्या साली धुणं कुठे धूत होता? पोहायला कुठे जात होता? बायका या प्रश्नांची उत्तरं जास्त नेमकी देतात, कारण घागर त्यांच्या डोक्यावर होती.

शेवटी कामाचं. तुमच्या भागातून बरीच घरं दसऱ्या-दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. बांध-बंदिस्ती, धुऱ्याची डागडुजी करायचा हंगाम नेमका तोच. त्यामुळे मोठी कामं आखताना ती एप्रिल-मेमध्ये उरकतील एवढीच धरा. सुरुवात उभ्या पट्ट्यांपासून करा. एका सर्व्हे नंबरातल्या पाच-सहा वाटेकऱ्यांनी हद्दीचे दगड पक्के करून घ्यावेत, उभे धुरे तसेच ठेवावेत, पण एकच पीक, एकच वाण ठरवून पेरणी एकाच ट्रॅक्टरने सगळ्या पट्ट्यांवरून आडवी करावी आणि काढणी आपापल्या दगडापर्यंत करावी. धुरा ओलांडताना अवजार उचलावं लागतं, तेवढी जागा रिकामी राहते, ती सोसा. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पावसानंतर चार-पाच दिवसांत व्हावी लागते, त्यामुळे ट्रॅक्टरवाला आणि बियाणं मृगाआधीच ठरलेलं हवं, ऐनवेळी जमत नाही. एखादा वाटेकरी तयार नसेल तर त्याची पट्टी सोडून दोन्ही बाजूंना काम करा आणि त्याच्या हद्दीशी गवताची नाली काढा, म्हणजे तुमच्या आडव्या सऱ्यांचं पाणी त्याच्या रानात शिरणार नाही. भांडण सहसा तिथूनच सुरू होतं.